ठोकायला बरी

आमच्या नंदुरबारात दोन गोष्टी उघड्यावर पसरलेल्या आढळतात. एक मिरची आणि दुसरा सल्ला. पैकी मिरचीला निदान हंगाम असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावाबाहेरच्या पथारींवर लाल गालिचे अंथरले जातात, वारा फिरला की अख्खे गाव एका सुरात शिंकते, आणि उन्हाळा संपता संपता तो सोहळा आटोपतो. सल्ल्याचे तसे नाही. तो बारमाही पिकतो, त्याला पाणी लागत नाही, आणि तो कोणी विकत घेत नसल्यामुळे सगळा माल आपल्याच दारात येऊन पडतो.

गेल्या वर्षी आमच्या घरात पहिली मोटार घ्यायचे ठरले आणि या मालाची आवक एकदम वाढली.

कारण असे की, आमच्या कन्येला धडगाव तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नोकरी लागली. वय वर्षे चोवीस. शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटे परत जायचे. मध्ये तापी, पुढे तळोदा आणि त्याच्याही पुढे चांदसैलीचा घाट. एसटी आहे, पण एसटी जिथे थांबते तिथून उपकेंद्राचा रस्ता सुरू होतो. काळीपिवळी जीप आहे, पण तिच्यात बसायला जागा नसते, लटकायला असते. पहिल्या महिन्याचा पगार आईच्या हातात ठेवून कन्या मला म्हणाली, "बाबा, मला गाडी लागेल. हप्ते मी भरीन. तुम्ही फक्त निवडायला मदत करा."

आता मी पडलो पंचायत समितीत तेहतीस वर्षे काढलेला मनुष्य. निवड म्हणजे तीन दरपत्रके मागवायची आणि सर्वांत कमी दराचे स्वीकारायचे, एवढीच माझी या विषयातली तयारी. स्वतः जन्मभर स्कूटर चालवली, तीही अशी की सकाळी तिला उजवीकडे आडवी करून, थोडी समजूत घालून मगच लाथ मारावी लागे. तेव्हा मी दरपत्रके मागवली. म्हणजे कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर एवढेच बोललो की, "पोरीसाठी गाडी बघतोय." पुढचे सगळे आपोआप झाले.

पहिली हजेरी लावली ती 'गाडी कशाला' पक्षाने. या पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे, की मुलगी आहे, उद्या लग्न होईल, मग जावई बघून घेईल. मी विचारले, "आणि तोवर तिने घाट कसा चढायचा? जावयाची वाट बघत?" त्यावर "आम्ही आपलं सांगितलं" म्हणून मंडळींनी चहा संपवला. बारा-तेरा वर्षांच्या पोराला गल्लीतून मोटारसायकल उडवताना पाहून "काय हात बसलाय!" म्हणणारे हेच लोक. चोवीस वर्षांची, पक्का परवाना असलेली, रात्री-बेरात्री लोकांची बाळंतपणे करायला धावणारी मुलगी मात्र त्यांना स्टिअरिंगमागे दिसली की चक्कर येते. यांच्याशी वाद घालण्यात मी एक चहाहून जास्त वेळ घालवत नाही. तुम्हीही घालवू नका.

दुसरा पक्ष मात्र जबरदस्त आहे, आणि माझे खरे भांडण त्याच्याशीच आहे. हा 'ठोकायला बरी' पक्ष. महाराष्ट्रात या पक्षाला कधीच अल्पमत आलेले नाही. त्याचा जाहीरनामा एका ओळीचा: "नवशिक्याला जुनी गाडी द्या. ठोकली तर ठोकली." आमच्या गल्लीतले शेजारचे आप्पा हे या पक्षाचे आजीव सभासद. एका संध्याकाळी ते पायरीवर बसले आणि आपुलकीने म्हणाले, "भाऊ, माझी पांढरी गाडी लई जाऊ दे पोरीले. शिकाले बरी शे. ठोकाले बी बरी शे."

आप्पांच्या या गाडीचा नंबर एमएच-१८ आहे. नंदुरबारचा नंबर एमएच-३९. १८ म्हणजे धुळे. आपला जिल्हा धुळ्यातून वेगळा निघाला तो १ जुलै १९९८ रोजी. आप्पांची गाडी त्याच्याही आधीची. म्हणजे वयाने ती जिल्ह्यापेक्षा मोठी आहे, आणि कन्येची तर थोरली बहीण लागते. मी हे बोलून दाखवले तर आप्पा अभिमानाने म्हणाले, "जुना पत्रा आहे. आताच्या गाड्यांसारखा पापड नव्हे." आणि त्यांनी दारावर एक बुक्की मारली. काच आपोआप खाली गेली.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, आप्पांवर मी आज तोंडसुख घेत असलो, तरी त्या संध्याकाळी मी त्यांना अकरा हजार रुपये इसार दिला होता. सर्वांत कमी दराचे दरपत्रक! माझ्या हाताला तेहतीस वर्षांचे वळण. शिवाय तो युक्तिवाद मलाही पटलेला होता. पोरगी नवशिकी, चरे पाडणार, गेट घासणार. मग नव्या गाडीचे नुकसान कशाला? गंमत बघा, या सबंध विचारात मी नुकसान मोजत होतो ते गाडीचे. आत बसलेल्या माणसाचे नाव माझ्या हिशेबात कुठल्याच रकान्यात नव्हते.

पण ते पुढे येईल. आधी बाकीचे पक्ष बघून घेऊ, नाहीतर ते रुसतील.

तिसरा पक्ष 'धुडा'चा. त्याचे नेते माझे मेहुणे. शहाद्याकडे त्यांची केळी-पपईची बागायत आहे, आणि पपईला भाव मिळाला की दर तीन-चार वर्षांनी त्यांच्या दारातली गाडी एक वीत लांब आणि एक वीत उंच होते. ते म्हणाले, "भावजी, लहान गाडीला रस्त्यावर कोणी विचारत नाही. मोठी घ्या, काळी घ्या. वरून छत उघडतं तशी घ्या. वजन पडतं."

वजन कोणावर पडते, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. पण तोच विचारायला हवा. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. हे शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते आणि मेहुण्यांनी ते पुस्तक वेळेवर विकून टाकले. ताशी साठ किलोमीटर म्हणजे एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर. समोर शेळी दिसली, ती शेळीच आहे हे मेंदूला पटले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात एक सेकंद जातो, आणि तेवढ्यात गाडी सतरा मीटर पुढे पळालेली असते. अनुभवी माणसाला शेळी दिसण्याच्या आधी शेळ्या हाकणारा दिसतो. नवशिक्याला आधी शेळी दिसते. हा फरक अश्वशक्तीने भरून निघत नाही, उलट वाढतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतल्या दहांपैकी सात मरणांमागे अतिवेग हे कारण नोंदलेले आहे. अशा देशात चोवीस वर्षांच्या पायाखाली भरमसाट ताकदीचे इंजिन देणे म्हणजे मेजवानीतल्या आग्रहासारखे आहे; वाढणाऱ्याला पुण्य, खाणाऱ्याला पोटदुखी.

मेहुण्यांचे आणखी एक भूषण म्हणजे त्यांचे चिरंजीव. "आमचं पोरगं चौदाव्या वर्षापासून चालवतंय!" हे ते लग्नाकार्यात सांगतात. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीप्रमाणे अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. म्हणजे मेहुणे भर मांडवात, पंचवीस पाहुण्यांसमक्ष, कबुलीजबाब देत असतात. पाहुणे वर कौतुक करतात.

चौथा पक्ष 'किती देते'चा. हा सर्वांत निरुपद्रवी वाटतो, म्हणून सर्वांत लबाड. कचेरीतले माझे जुने सहकारी या पक्षाचे. मुलाला मुलगी दाखवली तरी हे विचारतील, लिटरला किती देते? "वीस देणारी घे, सतरा देणारी घेऊ नको. बुडशील!" मी कागद घेतला. महिन्याला आठशे किलोमीटर धरले. वीस देणारीला चाळीस लिटर लागते, सतरा देणारीला सत्तेचाळीस. फरक सात लिटरचा. पेट्रोल शंभराच्या वर आहे असे धरले तरी महिन्याला सात-आठशे रुपये. एवढे पैसे आमचे हे स्नेही महिन्याकाठी पानतंबाखूत थुंकतात. आणि हे वाचवलेले तीन किलोमीटर कुठून येतात, हे कोणी विचारत नाही. कधी चांगल्या इंजिनातून येतात, हे खरे. पण कधी कधी पातळ पत्र्यातून आणि गाळलेल्या सामानातूनही येतात. पूर्वी दूधवाला पाणी घालत असे, तसे इथे हवा घालतात, फक्त पिशवीत घालत नाहीत.

पाचवा पक्ष 'सुरत'. आमच्या भागात हा असणारच. आमचे नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिथल्या बाकड्यावर आडवे झालेल्या माणसाचे डोके एका राज्यात आणि पाय दुसऱ्या राज्यात असू शकतात. अशा जिल्ह्यातल्या लोकांचे मन सुरतेकडे धावले तर नवल नाही. माझे साडू म्हणाले, "सुरतला वापरलेल्या गाड्या काचेसारख्या मिळतात. शेठ लोकांच्या. दुकान ते घर, घर ते दुकान."

वापरलेल्या गाडीविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही, हे इथे स्पष्ट करतो. मध्यमवर्गात सगळेच वापरलेले असते; थोरल्याचा सदरा धाकट्याला, आणि थोरल्याची पुस्तके तर तिघांना पुरतात. पण वापरलेले आणि टाकलेले यांत फरक आहे. सुरत तापीच्या तोंडावर वसलेली. २००६ च्या ऑगस्टात आपल्याच तापीने तिथे घराघरांत पाणी शिरवले होते, तेव्हा मोटारी काय पोहायला शिकलेल्या होत्या? ती वाहने आज भंगारात गेली असतील, पण पूर काही त्या वर्षानंतर बंद झाले नाहीत. म्हणून सांगतो, वापरलेली गाडी पाहताना सीटचा पट्टा सरासरा पूर्ण बाहेर ओढा. टोकाला गाळाची रेघ दिसली तर नमस्कार करून घरी या. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, ते वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३५१४ म्हणजे २०१४ सालचा पस्तिसावा आठवडा. "नक्षी दिसते ना?" असे विकणारा म्हणेल. नक्षी दिसते, पण रबराचा दगड झालेला असतो. आणि परराज्याची गाडी घेतलीत तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणा. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर तिला इथला नंबर घ्यावा लागतो, आणि करही इथला भरावा लागतो. साडूंच्या 'स्वस्त' या शब्दात यांतले काहीच नव्हते.

तर असे पाच पक्ष ऐकून, मी सांगितल्याप्रमाणे, सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारले होते. उरलेली रक्कम द्यायच्या आधी एकदा घाट दाखवून आणावा म्हणून श्रावणातल्या एका रविवारी मी आणि कन्या आप्पांची पांढरी घेऊन निघालो. ती चालवत होती, मी शेजारी. सातपुडा असा हिरवा झाला होता की मला चक्क चार ओळी सुचत होत्या. पाऊस नव्हता, पण रस्ता ओला होता. ती सावकाश चालवत होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे ऐकून लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. गाडी चाळिशीच्या खालीच होती.

एका वळणावर रस्त्यात दगड. मोठा नव्हे, फार तर हंड्याएवढा. वरून घरंगळत आलेला. पावसाळ्यात त्या घाटात दरड येते, दगड येतात, यात नवे काही नाही. तिने ब्रेक दाबला. शिकवल्याप्रमाणे दाबला.

चाके थांबली. गाडी थांबली नाही.

ती तशीच, थांबलेल्या चाकांवर, ओल्या डांबरावरून घसरत सरळ निघाली. कन्या स्टिअरिंग फिरवत होती, ते फिरतही होते. पण गाडीचा आणि त्याचा काही संबंध उरला नव्हता. डावीकडे कठड्याचे दोन दगड होते, एक जागेवर आणि एक पडलेला, आणि त्या दोहोंच्या मध्ये दरी होती. मला आठवते ते एवढेच, की मी ओरडलो नाही. माझा हात आपोआप तिच्या पुढे गेला, लहानपणी स्कूटरवर पुढे उभी असताना जायचा तसा. त्या हाताचा काय उपयोग होणार होता, देव जाणे.

गाडी जागेवरच्या दगडाला टेकून थांबली. आवाजही फारसा झाला नाही. दिवा फुटला. आम्ही दोघे उतरलो आणि रस्त्याच्या आतल्या बाजूला जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, ठोकली."

मी म्हणालो, "ठोकायलाच तर घेतली होती." आणि हसायचा प्रयत्न केला. जमले नाही.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना सांगितले, दिवा फुटला. एवढेच सांगितले. बाकीचे त्या हा लेख वाचतील तेव्हा त्यांना कळेल, आणि माझे काय होईल ते होवो. इसार आप्पांनी दिव्याच्या खर्चात वळता करून घेतला. मी एका शब्दाने हुज्जत घातली नाही. अकरा हजारांत एवढे शहाणपण मला दुसरीकडे कुठे मिळाले नसते.

त्या रात्रीपासून मी अभ्यासाला लागलो. विभागीय परीक्षेलाही एवढा केला नव्हता. चाके अडकून गाडी घसरू नये म्हणून एक यंत्रणा असते. ती चाक अडकू लागले की ब्रेक क्षणभर सैल करते, पुन्हा धरते, पुन्हा सैल करते, एका सेकंदात कितीतरी वेळा. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते. तिला एबीएस म्हणतात. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून ती सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली, आणि चालकासमोरची हवेची पिशवी त्याच वर्षीच्या जुलैपासून. त्याच्या आधीच्या गाड्यांत ज्याने जास्त पैसे मोजले त्यालाच ती मिळे. आप्पांच्या गाडीच्या वेळी तर पिशवी म्हटली की भाजीचीच.

'जुना पत्रा जाड' या श्रद्धेचेही काय झाले, ते ऐका. २०१४ च्या जानेवारीत एका आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्याकडच्या पाच खपाऊ लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांच्या हवेच्या पिशव्या नसलेल्या नमुन्यांना मिळालेले तारे: शून्य. त्यांतल्याच एका गाडीला पिशव्या लावून पुन्हा आदळली, तर चार तारे! पुढे २०१८ च्या डिसेंबरात एका भारतीय गाडीने त्याच परीक्षेत पहिल्यांदा पाचापैकी पाच मिळवले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या सरकारने स्वतःची तशीच परीक्षा सुरू केली. पत्र्याचे म्हणाल तर, नव्या गाडीचे नाक जे पापडासारखे चुरते ते चुरण्यासाठीच बनवलेले असते. धडक नाकाने खायची आणि माणसाची कोठडी शाबूत ठेवायची, ही त्यातली योजना. जुन्या गाडीत नाक शाबूत राहते आणि धडक थेट बसणाऱ्याकडे पोचती होते. आप्पांच्या गाडीचे दार शाबूत असते याचा अभिमान आप्पांनी खुशाल बाळगावा. मला दाराशी नाते जोडायचे नाही.

आता मला सांगा, 'ठोकायला बरी' या वाक्याचा अर्थ काय उरला? आपण मानतो की नवशिका जास्त ठोकणार. कबूल. मग जो जास्त ठोकणार त्याला ठोकल्यावर वाचवणारी गाडी द्यायची की न वाचवणारी? मुलगा तापीत पोहायला शिकू लागला की आपण त्याच्या पाठीला भोपळा बांधतो. "नवशिका आहे, बुडणारच आहे, मग चांगला भोपळा कशाला वाया घालवा? भोक पडलेला बांधा!" असे म्हणणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण सगळे तेच बाप आहोत. घरात सगळ्यात मुरलेला चालक कोण? बाप. त्याला नवी गाडी. सगळ्यात कच्चा कोण? पोर. त्याला जुनी. वीस वर्षे गाडी चालवलेल्याच्या पुढे सहा पिशव्या आणि तीस दिवसांपूर्वी शिकलेल्याच्या पुढे नुसते गणपतीचे चित्र! आणि तीस दिवस मी विनोदाने म्हणत नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तीस दिवसांत आपण लोणचेसुद्धा मुरले असे मानत नाही.

आमच्या शहादा तालुक्यात, तापीकाठी, सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे, लांबलांबून जनावरे येतात. मी लहानपणापासून तिथे जातो. घोडा घ्यायला नव्हे, भजी खायला. पण कान उघडे असतात. तिथला जाणता माणूस नवशिक्या पोरासाठी जनावर बघतो तेव्हा उधळणारे घेत नाही आणि लंगडेही घेत नाही. दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो, पायात शिरून बघतो की बुजते का. त्याला हवी असते गरीब घोडी. म्हणजे किमतीने गरीब नव्हे, स्वभावाने. आपण मोटारीच्या बाजारात गेलो की हे शहाणपण नदीपलीकडे ठेवून येतो. मेहुणे उधळणारा घोडा सुचवतात, आप्पा लंगडी घोडी देतात, आणि कचेरीतले स्नेही ती चारा किती खाते एवढेच विचारतात.

म्हणून माझा जाहीरनामा असा. पोराची पहिली गाडी ताकदीने लहान असावी आणि हाडाने बळकट. तारे बघावेत, आणि ते आपण घेतो त्याच नमुन्याचे आहेत ना, हेही बघावे. एबीएस असावे, पिशव्या असाव्यात, ओल्या वळणावर गाडी सावरणारी ती दुसरी यंत्रणाही असली तर उत्तम. काचेतून चहूकडचे स्वच्छ दिसावे. टायर ताजे असावेत. यात बसणारी गाडी नवी परवडत नसेल तर चार-पाच वर्षे वापरलेली घ्यावी, पण बिनमहत्त्वाची म्हणून मिळेल ती घेऊ नये. पैसे कमी पडले तर छत उघडणारे नको, चकचकीत चाके नकोत, गाण्याचा मोठा पडदा तर मुळीच नको. आधी या गोष्टी गाळा. आणि तरीही कमी पडले तर बापाने आपली गाडी पोराला द्यावी आणि स्वतः ठोकायला बरी असलेली घ्यावी. त्याचा हात बसलेला आहे ना? मग झाले तर!

दसऱ्याला आमच्या दारात गाडी आली. लहानशी, राखाडी रंगाची, तिघांच्या बचतीतून आणि कन्येच्या हप्त्यांतून. सौभाग्यवतींनी पूजा केली, पुढे लिंबू-मिरची बांधली. मिरचीला आमच्याकडे तोटा नाही. आप्पा येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेले. "नवी कोरी गाडी शिकणाऱ्याला?" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा मी अजून जपून ठेवली आहे. मेहुणे म्हणाले, "छत नाही उघडत?" मी म्हणालो, "नाही. बंद राहतं. तेवढ्यासाठीच घेतलं."

पहिल्या सोमवारी पहाटे तिच्याबरोबर तळोद्यापर्यंत जायचे म्हणून मी पुढे बसलो. कन्येने पट्टा लावला, किल्ली फिरवली, आणि गाडी 'टिंग टिंग टिंग' करू लागली. माझा पट्टा नव्हता. मी हसून खिशातून एक वस्तू काढली. सुट्या भागांच्या दुकानात मिळते. नुसते पट्ट्याचे टोक, पट्ट्याशिवायचे. खाचेत खुपसले की गाडीला वाटते माणसाने पट्टा लावला आणि ती गप्प बसते. २०२३ साली सरकारी ग्राहक प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ही वस्तू काढून टाकायला लावली होती, हे मी वाचले होते. वाचले होते म्हणूनच ती मिळते हे मला कळले.

तिने ती वस्तू माझ्या हातातून घेतली, उलटसुलट पाहिली आणि किल्ली काढून घेतली. गाडी बंद.

"बाबा, २०२२ साली पट्टा न लावल्यामुळे किती मेले म्हणालात?"

"सोळा हजार सातशे पंधरा," मी म्हणालो. अभ्यास पक्का होता.

"त्यांत चालवणारे किती आणि शेजारी-मागे बसणारे किती?"

"जवळजवळ निम्मे निम्मे. बसणारे आठ हजार तीनशे एकतीस."

"मग?"

दारात सौभाग्यवती उभ्या होत्या, पलीकडच्या पायरीवर दात घासत आप्पा उभे होते. गेले तीन महिने ज्याने गल्लीला व्याख्याने देऊन जेरीस आणले, तो मी, पोरीशेजारी बसून खिडकीबाहेर बघत होतो. शेवटी मी पट्टा ओढला. पोटावर जरा आवळतो. टिंग टिंग थांबली, गाडी सुरू झाली.

ती वस्तू तिने जाताना तापीच्या पुलावरून खाली टाकली. नदीत कचरा टाकू नये, हे मी तिला सांगणार होतो. पण त्या दिवसापुरता माझ्याकडचा सल्ला संपला होता.